बोला, मी ऐकतोय!

आज सकाळपासून तुम्ही किती वेळा ‘हं, ऐकतेय’ म्हणालात, जरा आठवून पाहा बरं! एका हातात झारा, खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाईल, दारात इस्त्रीवाला, आणि पाठीमागून घरातलं कुणीतरी काहीतरी सांगतंय. आपण तिकडे वळूनसुद्धा न बघता म्हणतो, ‘हं, ऐकतेय.’ सांगणाऱ्याला काय ते कळतं. तो आणखी दोन वाक्यं बोलतो आणि गप्प होतो. पुढच्या वेळी तो सांगायला येतच नाही.

मी तर या ‘ऐकतेय’मध्ये अगदी तरबेज होते. त्याबद्दल मला कुणी बोल लावला नव्हता. कान उपटले ते एका अमेरिकन विनोदी मालिकेने. तुम्ही म्हणाल, हसायला लावणारी मालिका कसले कान उपटणार? तेच आज सांगायचं आहे.

वेगळी चूल

दिवाळीच्या सुटीत लेक पुण्याहून आली. आल्या आल्या कपडे धुवायला टाकले, चिवड्याचा डबा जवळ ओढला आणि लॅपटॉप उघडून म्हणाली, “आई, ये बस. ही वेबसिरीज बघ. यातला हीरो मनाचा डॉक्टर आहे आणि त्याच्या स्वतःच्या घरात नुसता गोंधळ आहे.” मालिकेचं नाव ‘फ्रेझर’. ती बघत होती ती २०२३ साली आलेली नवी मालिका. दोन भाग झाल्यावर तिने सांगितलं की या मालिकेला आई आहे आणि आजीसुद्धा आहे. मला ते नातं समजून घ्यायला अर्धा तास लागला, तुम्हाला थोडक्यात सांगते.

आजी म्हणजे ‘चिअर्स’. ही मालिका १९८२ साली सुरू झाली. बोस्टन शहरातला एक बार आणि तिथे रोज संध्याकाळी जमणारी माणसं, एवढंच कथानक. तिसऱ्या वर्षी, १९८४ मध्ये, तिच्यात एक नवं पात्र आलं. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर फ्रेझर क्रेन. थोड्या भागांपुरता आलेला हा पाहुणा लोकांना इतका आवडला की तिथलाच होऊन गेला. ‘चिअर्स’ १९९३ साली संपली तेव्हा निर्मात्यांनी या डॉक्टराला वेगळं घर, वेगळी नोकरी आणि वेगळे नातेवाईक देऊन त्याच्या नावाची नवी मालिका काढली. याला तिकडे स्पिन-ऑफ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर थोरल्या घरातून बाहेर पडून मांडलेली वेगळी चूल.

ही वेगळी चूल मात्र अशी पेटली की विचारू नका. १९९३ ते २००४ अशी अकरा वर्षं ती चालली आणि तिचे २६४ भाग झाले. एमी म्हणजे तिकडचं टीव्हीचं सर्वांत मानाचं पारितोषिक. ते तिला एकूण ३७ वेळा मिळालं. त्यातलं उत्कृष्ट विनोदी मालिकेचं तर १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं. केल्सी ग्रामर या नटाने ‘चिअर्स’पासून धरून सलग वीस वर्षं हा एकच डॉक्टर रंगवला. आणि एवढी वर्षं लोक हसले ते कशाला? माणसाच्या मनाला! पैसा, खून, कटकारस्थान यातलं काही नाही. दोन भाऊ, त्यांचे म्हातारे वडील, त्यांची देखभाल करणारी एक इंग्लिश मुलगी आणि एक छोटा कुत्रा. बरंचसं एका दिवाणखान्यात घडतं.

बापाची खुर्ची

आम्ही मायलेकींनी ती १९९३ची मूळ मालिका पहिल्या भागापासून लावली. डॉक्टर फ्रेझरचा घटस्फोट झालेला आहे. बायको आणि लहान मुलगा बोस्टनला राहिले आणि हा सिएटल या आपल्या गावी परत आला आहे. रेडिओवर त्याचा कार्यक्रम असतो. गावातली माणसं फोन करून आपापली दुखणी सांगतात आणि हा सल्ला देतो. फोन घेताना त्याचं ठरलेलं वाक्य असतं, ‘बोला, मी ऐकतोय.’

आता गंमत पाहा. त्या दिवशीचा कार्यक्रम संपल्यावर त्याची सहकारी रॉझ त्याच्या चुकांचा पाढा वाचते. त्यातली एक चूक अशी की ज्या गृहस्थाला ‘मी नेमका कोण’ हेच कळेनासं झालं होतं, त्याला डॉक्टरसाहेब सगळा वेळ चुकीच्याच नावाने हाक मारत होते! आम्ही दोघी खो खो हसलो.

मग गोष्ट घरात शिरते. फ्रेझरचे वडील मार्टिन हे निवृत्त पोलीस. एका दुकानातल्या चोरीच्या वेळी कमरेत गोळी लागली, तेव्हापासून काठी घेऊन चालतात. बायको वारलेली. त्यांना आता एकट्याने राहणं जमणार नाही. धाकटा मुलगा नाइल्स, तोही मानसोपचारतज्ज्ञच, पण त्याच्या बायकोला सासरे घरात नकोत. तेव्हा थोरला नाइलाजाने वडिलांना आपल्याकडे आणतो. फ्रेझरचं घर म्हणजे प्रदर्शनात ठेवावं असं. एकेक खुर्ची पारखून घेतलेली. आणि वडील येताना काय आणतात? आपली जुनी, कळकट, ठिकठिकाणी चिकटपट्ट्या लावलेली आरामखुर्ची. ती थेट दिवाणखान्याच्या मध्यावर येऊन बसते. मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पुढे बापलेकांचं कडाक्याचं भांडण होतं. मुलगा म्हणतो, मी एवढं केलं, तुम्ही एकदा तरी आभार मानलेत का? वडील काही न बोलता निघून जातात. मग रेडिओवर फोन येतो. पलीकडे वडीलच असतात. नाव सांगतात फक्त ‘मार्टिन’. मी मुलाकडे राहायला आलोय आणि आमचं पटत नाही, म्हणतात. मुलाने आपल्यासाठी जे केलं त्याचं मोल मला आहे, पण ते त्याला सांगता येत नाही, म्हणतात. आणि तो शेकडो लोकांना शहाणपण शिकवणारा डॉक्टर, आपल्याच बापाला परक्या माणसासारखं उत्तर देतो. तुमच्या मुलाला ते ठाऊक असेल, म्हणतो. शेवटी म्हातारा आभार मानतो, आणि मी आभार मानलेत बरं का, हे ऐकलंस ना, असं वर ठणकावून विचारतो!

हसता हसता माझे डोळे भरून आले. एका छताखाली राहणाऱ्या दोन माणसांना मनातलं बोलायला रेडिओ लागावा? याच संदर्भातली आणखी एक गोष्ट लेकीने सांगितली. आधीच्या ‘चिअर्स’मध्ये याच फ्रेझरने मित्रांना सांगितलेलं असतं की आपले वडील वारले. नव्या मालिकेत तर वडील जिवंत! मग लेखकांनी १९९५च्या एका भागात तो धागा जुळवून घेतला. तेव्हा माझं वडिलांशी भांडण झालं होतं, रागाच्या भरात तसं बोलून गेलो, असं फ्रेझर कबूल करतो. लेखकांनी अडचण सोडवली खरी, पण बोलणं बंद झालं की जिवंत माणूस घरच्यांच्या लेखी कसा नाहीसा होतो, तेही सांगून टाकलं.

हसायचं कुणाला?

आपल्याकडे मनाच्या आजारावर विनोद झाले ते बहुतेक आजारी माणसाच्या जिवावर. जुन्या सिनेमातलं वेड्यांचं इस्पितळ आठवा. कुणी हातवारे करतोय, कुणी स्वतःला राजा समजतोय, आणि थिएटर हसतंय. ते बघून घरी आलेला माणूस आपल्या घरातल्या कुणाला तरी डॉक्टरकडे न्यायला धजेल का?

या मालिकेत हसू येतं ते डॉक्टरांचं. दोघे भाऊ मनाचे तज्ज्ञ, एक फ्रॉइडला मानणारा, दुसरा युंगला. दोघांना दुसऱ्याच्या मनातलं सगळं कळतं, आपल्या मनातलं काही कळत नाही. साध्या पोलिसाची नोकरी केलेला बाप एका वाक्यात मुद्द्यावर येतो आणि यांची पुस्तकं कपाटातच राहतात. १९९८च्या सुमारास तर फ्रेझरची रेडिओवरची नोकरीच जाते. मग हा विद्वान माणूस आधी म्हणतो मला काहीच झालेलं नाही, मग चिडतो, मग घरात बसून खात सुटतो. म्हणजे मनाच्या डॉक्टरलाही मन असतं आणि तेही आजारी पडतं. यात लाजण्यासारखं काही नाही, हे ही मालिका न सांगता सांगते.

एक खोट मात्र दाखवायला हवी. फोन करणाऱ्यांना दोन मिनिटांत सल्ला मिळतो आणि पुढचा फोन लागतो. पडद्यावर ते शोभतं. त्या फोनमागचे आवाज अनेकदा नामवंत नटनट्यांनी दिलेले असत, त्यामुळे लोकांना त्यातही मौज वाटे. पण खरं दुखणं दोन मिनिटांत बरं होत नाही. आपल्या साप्ताहिकातल्या सल्ल्याच्या सदराचंही तेच आहे. पत्र लिहिल्याने मन हलकं होतं, उत्तर वाचून वाट दिसते, पण त्या वाटेने आपल्यालाच चालावं लागतं. मी हे सदर गेली वीस वर्षं नेमाने वाचते. दुसऱ्यांच्या सासूसुनांवर मनातल्या मनात निकालही देते. आणि माझ्या घरात काय चाललं होतं?

आमच्या गॅलरीतली खुर्ची

तो खुर्चीचा प्रसंग संपला आणि लेकीने लॅपटॉप थांबवला. म्हणाली, “आई, नानांची खुर्ची कुठेय?”

नाना म्हणजे माझे सासरे. पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाल्यावर वाईजवळच्या गावी राहिले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि आम्ही नानांना साताऱ्याला घेऊन आलो. येताना त्यांनी दोनच वस्तू मागितल्या. सासूबाईंचं तांब्याचं फुलपात्र आणि त्यांची लांब हातांची लाकडी आरामखुर्ची. तिचं कापड दोनदा शिवलेलं, एका बाजूला डाग. सुरुवातीला ती हॉलमध्ये होती. मग गणपतीच्या आधी आम्ही नवा सोफा घेतला. मी म्हटलं, “नाना, तुमची खुर्ची गॅलरीत ठेवते हं, तिथे वारा छान येतो.” नाना म्हणाले, “ठेव.” एवढंच. मी ऐकलं आणि कामाला लागले.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत काय काय झालं ते मला लेकीच्या प्रश्नानंतर एकेक करून आठवलं. नानांनी पेपर वाचणं सोडलं. आधी शब्दकोड्यासाठी नातवाशी भांडायचे, आता पेपर घडी न मोडता पडून राहायचा. जेवताना भाताची दोन ढेकळं चिवडून उठायचे. पहाटे तीनला जाग यायची, मग पाय ओढत फेऱ्या. आणि पोट दुखतंय ही तक्रार रोजची. आम्ही दुर्लक्ष केलं असं नाही हं! आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. मग सगळ्यांनी मिळून एक उत्तर काढलं, ‘वय झालं, चालायचंच.’

त्या संध्याकाळी मी गॅस बंद केला, मोबाईल आत ठेवला आणि गॅलरीत जाऊन नानांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, “नाना, पोट फार दुखतं का हो?” ते बराच वेळ समोरच्या तारेवरच्या कावळ्याकडे बघत राहिले. मी उठले नाही. मग म्हणाले, “दुखतं खरं. पण दुखतंय म्हटलं की कुणीतरी जवळ बसतं. बाकीचं काय सांगू?”

बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनी हळूहळू सांगितलं. सकाळी जाग आली की कशाला आली असं वाटतं. सासूबाईंचा आवाज आठवेनासा झालाय, त्याची भीती वाटते. आपण या घरात अडगळ आहोत. तो ‘अडगळ’ शब्द माझ्या काळजात रुतला, कारण खुर्ची गॅलरीत मीच नेली होती.

मी धीर करून सरळ विचारलं, “नाना, जीव द्यावा असं मनात येतं का?” ते म्हणाले, “देवाने न्यावं असं वाटतं. स्वतः काही करीन असं नाही.” हे विचारताना माझी जीभ जड झाली होती. विचारलं आणि भलतंच डोक्यात घातलं तर? पण नंतर डॉक्टरांनीच सांगितलं की असं विचारल्याने ते विचार नव्याने येत नाहीत. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं वाटतं.

रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. हे आधी उखडलेच. “मानसोपचारवाल्याकडे? माझ्या वडिलांना? गावभर होईल.” लेक आतून म्हणाली, “बाबा, गुडघा दुखला असता तर?” हे गप्प बसले. चार दिवसांनी स्वतःच नंबर लावून आले.

तपासणीत आधी रक्त घेतलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व. यातलं काही बिघडलं तरी माणूस असा मलूल होतो, म्हणून ते पाहावं लागतं. नानांचं बी-ट्वेल्व कमी निघालं, पण तेवढंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे, डिप्रेशन. म्हाताऱ्या माणसात ते रडण्यातून दिसतंच असं नाही. ते पोटदुखीतून, अंगदुखीतून, चिडचिडीतून, विसरण्यातून बोलतं. गोळी सुरू झाली, अगदी थोड्या मात्रेची. पहिले तीन आठवडे काही फरक नाही. हे म्हणाले, “बंद करू या का?” मी नको म्हटलं, कारण डॉक्टरांनी हेच बजावलं होतं. पाचव्या आठवड्यात एके सकाळी नाना म्हणाले, “पेपर आला का गं?” माझ्या हातातलं दुधाचं पातेलं मी खाली ठेवलं, इतकं मला बरं वाटलं.

खुर्ची हॉलमध्ये परत आली, हे सांगायला नकोच. सोफ्याला शोभत नाही. नसू दे.

ऐकायचं कसं?

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून काही गोष्टी सांगितल्या. तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, ऐकायचं तर बसून ऐकायचं. उभ्या माणसाला कुणी मनातलं सांगत नाही. दुसरी, लगेच उपाय सांगायचा नाही. आपण बायका यात फार घाई करतो. कुणी म्हटलं झोप येत नाही की आपण म्हणतो, गरम दूध घ्या. दूध घ्यावं, पण झोप का येत नाही हे विचारल्यावर. तिसरी, तुलना करायची नाही. ‘शेजारचे बघा, ऐंशी वर्षांचे आहेत, टेकडीला जातात’ हे वाक्य कानावर पडलं की माणूस आणखी मिटतो. ‘मन खंबीर करा’ हेही तसंच. ताप आलेल्याला आपण अंग गार करा म्हणतो का? चौथी, गप्प बसण्याला भ्यायचं नाही. त्या दिवशी कावळ्याकडे बघण्यात जी मिनिटं गेली ती वाया गेली नव्हती.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचंच नाही हं. बाळंतपणानंतरची सून, दहावीतला मुलगा, नोकरी गेलेला दीर, पाळी जाण्याच्या वयातल्या आपण स्वतः. हातातली कामं चोख करणारी, हसून बोलणारी बाईसुद्धा आतून पोखरलेली असू शकते. ती ‘काही नाही गं’ म्हणते आणि आपण ‘बरं’ म्हणतो.

डॉक्टरांकडे कधी, कोणत्या?

उदास वाटणं आणि नैराश्याचा आजार यात फरक आहे. माणूस गेलं तर दुःख होणारच. पण मन खचलेलं किंवा कशातच गोडी नाही अशी अवस्था दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज राहिली आणि सोबत झोप, भूक, शक्ती, लक्ष यांचं तंत्र बिघडलं, तर दाखवायला हवं. मरणाची भाषा आली तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं कुलपात ठेवायची.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनाच्या आजारांचा एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेला डॉक्टर. औषध देतो तो हा. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहून देत नाहीत. बऱ्याचदा दोघांचीही गरज लागते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

खर्चाची काळजी असेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवायचा. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. हा रेडिओवरचा डॉक्टर नव्हे, तुमचं बोलणं गावाला ऐकू जात नाही! शिवाय २०१७ साली झालेला मानसिक आरोग्य देखभाल कायदा सांगतो की विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारांसारखाच मनाच्या आजारांनाही विमा द्यायला हवा. आपली पॉलिसी काढून एकदा वाचून घ्या.

नातवाची पाळी

आता त्या नव्या मालिकेविषयी थोडं, कारण लेकीला ते राहून गेलेलं चालणार नाही. मार्टिनचं काम करणारे नट जॉन माहोनी २०१८ साली वारले. २०२३ची मालिका सुरू होते तेव्हा गोष्टीतही मार्टिन नुकतेच गेलेले आहेत. पहिल्या मालिकेच्या पहिल्या भागाचं नाव होतं ‘चांगला मुलगा’. या मालिकेच्या पहिल्या भागाचं नाव आहे ‘चांगला बाप’. फ्रेझर आता स्वतः म्हातारपणाकडे झुकलाय, आणि त्याचा मुलगा फ्रेडी हार्वर्ड सोडून अग्निशामक दलात भरती झालाय. जसा पोलीस बापाला पुस्तकी मुलगा कळला नव्हता, तसा पुस्तकी बापाला हा अंगमेहनतीचा मुलगा कळत नाही. दोघे एका घरात राहू लागतात आणि पुन्हा तीच ठेचकाळणी सुरू होते. दोन हंगाम, वीस भाग झाले आणि २०२४ नंतर ती पुढे चालली नाही. मूळ मालिकेची सर तिला नाही, हे आमचं मायलेकींचं मत. धाकटा भाऊ नाही, कुत्रा नाही, आणि सगळ्यात मोठी उणीव त्या म्हाताऱ्याची. पण एक गोष्ट तिने नेमकी पकडली. घरात न बोलण्याची रीत जमिनीसारखी, दागिन्यांसारखी पुढच्या पिढीकडे जाते. ती कुणीतरी मोडावी लागते.

आमचे हे आणि नाना यांचं म्हणाल तर दोघेही त्याच रीतीत वाढलेले. बापाने मुलाला कधी ‘बरा आहेस का’ विचारलं नाही, मुलाने बापाला कधी ‘त्रास होतोय का’ विचारलं नाही. सगळं बोलणं सासूबाईंच्या तोंडून व्हायचं. त्या गेल्या आणि दोघांमधली तारच तुटली. अजूनही दोघे गळ्यात गळे घालून बोलतात असं नाही. नानांचे काही दिवस वाईट जातात. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडतात. मग कुणीतरी खुर्चीशेजारी स्टूल नेऊन बसतं. कधी मी, कधी नातू, आणि मागच्या रविवारी पहिल्यांदा हे.

औषधं सुरू झाली तेव्हा नाना रोज म्हणायचे, “कशाला माझ्यावर खर्च करता? आता किती दिवस राहिलेत.” परवा संध्याकाळी हे ऑफिसातून येऊन बूट काढत होते. नाना खुर्चीतून, पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “गोळ्या संपत आल्यात. उद्या येताना आण. विसरशील.”

हे क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, “आणतो. ऐकलं मी.”